आठ चौकोनांचा कावळा

मे महिना आला की माझ्या दोन गोष्टी तापतात. एक टाळू आणि दुसरा एक जुना राग. टाळूवर खोबरेल थापता येतं. रागावर काय थापायचं ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही, आणि सांगितलं तरी मी ऐकेन असं नाही. इतकी वर्षं जपल्यामुळे तो आता माळ्यावरच्या पितळी पातेल्यासारखा झालाय. वापरात नाही, पण कुणी मोडीत काढायचं म्हटलं तर मी दारात आडवी पडेन.

यंदा निमित्त झालं मुक्ताच्या कॉम्प्युटरचं. मुक्ता म्हणजे माझी मुलगी. बारावीची परीक्षा संपली आणि तिला गेम खेळायला नवा कॉम्प्युटर हवा आहे. तयार घ्यायचा नाही, सुटे भाग आणून स्वतः जोडायचा. त्यात प्रोसेसर कोणता घ्यावा यावर आठवडाभर खल चाललाय. प्रोसेसर म्हणजे त्या डब्याचा मेंदू आणि कोअर म्हणजे त्या मेंदूतले कप्पे, एवढं मला कळतं. पण आमच्या घरच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर प्रत्येकाला त्याहून जास्त कळतं. नाशिकच्या मामेभावाला कळतं. ज्यांना स्वतःच्या मोबाइलचा आवाज बारीक करता येत नाही त्या नणंदेच्या यजमानांनाही कळतं. आणि परवा दादाचा, म्हणजे माझ्या सख्ख्या भावाचा, आवाजी निरोप आला, "अगं, सोळा कोअरचा घ्या. डोळे मिटून सोळा. आठच्या भानगडीत पडू नका."

मी कणीक मळत होते. हात परातीतच राहिला. सोळा? ह्या माणसाने, ह्याच माणसाने, पुन्हा सोळा म्हणावं?

"आई, काय झालं?" मुक्ताने विचारलं.

"काही नाही. तुझ्या मामाला लाज नाही."

"अगं, फक्त सोळा म्हणाला तो."

"तेच!"

ती माझ्याकडे बघत राहिली. बरोबर आहे. सोळा ह्या निरुपद्रवी आकड्यावर कणकेचे हात उगारणारी बाई तिने कशाला पाहिली असेल? मी बोरिवलीच्या एका शाळेत गणित शिकवते. सोळाशी माझं रोजचं देणंघेणं. सोळाचा पाढा मी शांतपणे म्हणू शकते. पण कॉम्प्युटरच्या बाबतीत कुणी सोळा म्हटलं की मी पुन्हा चौदा वर्षांची होते, दोन वेण्यांची, आणि मुलुंडच्या गच्चीवर उभी असते.

ऐंशीच्या दशकाचा शेवट. मुलुंड पूर्वेला आमची चार मजली सोसायटी. तो मे महिना मला डोक्याने नाही, तळपायांनी आठवतो. गच्चीवर डांबर ओतलेलं होतं आणि अकरा वाजता ते मऊ पडायचं. चप्पल घातली तर चप्पल चिकटायची, काढली तर पाय. पश्चिमेचे डोंगर उन्हात पुसट व्हायचे, कुणी खोडरबर फिरवल्यासारखे. तिकडच्या कारखान्यांचा दुपारचा भोंगा झाला की आई खालून ओरडायची, "सुमे, आहेस ना गं वर?" असायचेच. कुठे जाणार? जुन्या धोतरांवर उडदाचे पापड, कुरडया, सांडगे पसरलेले आणि मी त्यांची राखणदार. एका हातात काळी छत्री, दुसऱ्या हातात मच्छरदाणीची काठी.

दादा नव्हता राखणदार. दादाची बारावी झाली होती आणि त्याला विश्रांतीची गरज होती. माझी नववी झाली होती. नववीने माणूस दमत नाही, असं घरातलं मत.

पण मी कावळे शिकले त्या गच्चीवर. तुम्हाला वाटतं कावळा येतो आणि पापड नेतो. तसं नाही. एक कावळा पाण्याच्या टाकीवर बसून डोंगराचा देखावा बघतो. आपण त्याच्यावर काठी रोखून उभे. तो बघतच नाही आपल्याकडे. एवढ्यात मागून दुसरा येतो आणि कुरडईचा तुकडा घेऊन जातो, आणि मग टाकीवरचा सावकाश उठतो, जणू त्याचा देखावा बघून झाला. दोघांनी मिळून मला उल्लू बनवलं, हे कळेपर्यंत माझी मान भाजलेली असायची. मला त्यांचा राग यायचा आणि कौतुकही वाटायचं. हा खेळच होता सरळ सरळ. फक्त त्यात नेहमी कावळे जिंकायचे.

खेळ हा शब्द माझ्या डोक्यात शिरला तो हेमामुळे. हेमा शाह खालच्या मजल्यावरची, माझ्याच वर्गातली. तिच्या पप्पांनी मस्कतहून एक छोटासा काळा कीबोर्ड आणला होता. तोच कॉम्प्युटर. त्याला टीव्ही जोडायचा, टेपरेकॉर्डर जोडायचा, कॅसेट लावायची. कॅसेटमधून गाणं नाही, किंचाळी यायची, पाच मिनिटं. हेमाची मम्मी दोन्ही कानांवर हात ठेवून म्हणायची, "अरे, कोणाला मारते काय त्याच्यात?" आणि मग टीव्हीवर रंगीत माणूस उगवायचा, शिड्या चढायचा, खड्ड्यावरून उडी मारायचा. मी, हेमा आणि दादा, तिघं पंख्याखाली चटईवर बसून त्याला मारायचो आणि जगवायचो. दादा आमच्यात सगळ्यात जास्त ओरडायचा. हे लक्षात ठेवा.

त्या यंत्रासोबत एक पुस्तक होतं. बेसिक नावाच्या सोप्या भाषेत यंत्राला हुकूम कसे द्यायचे, ते त्यात होतं. आणि एका पानावर होतं, स्वतःचं चित्र कसं बनवायचं. आठ आडवे, आठ उभे, चौसष्ट चौकोन. भरलेला चौकोन म्हणजे एक, रिकामा म्हणजे शून्य. एका ओळीत डावीकडच्या पहिल्या चौकोनाची किंमत एकशे अठ्ठावीस, पुढच्याची त्याच्या निम्मी, मग त्याच्या निम्मी, असं करत शेवटच्याची एक. भरलेल्यांची बेरीज करायची. आठ ओळींचे आठ आकडे यंत्राला सांगितले की चित्र तयार. यंत्राचा मेंदू एका घोटात आठच चौकोन पितो, म्हणून तो आठ-बिट.

मी गणिताच्या वहीतला आलेख कागद फाडला आणि गच्चीवर छत्रीच्या सावलीत बसून कावळा काढला. आठ चौकोनांत! चोच, मान, पंख वर. दुसरा काढला, पंख खाली. दोन्ही आलटून पालटून दाखवले की उडतो. एक कावळा टाकीवर बसणार, एक मागून येणार, आणि काठीवाली मुलगी धावणार. रोज संध्याकाळी हेमाच्या यंत्रात आम्ही त्याचे आकडे आणि हुकूम घालत गेलो. जगात कुणी असा गेम बनवला नसेल, असं हेमा म्हणाली. "सुमी, तू ना एकदम पागल आहेस, यार. झकास." आयुष्यात मला मिळालेल्या सर्टिफिकेटांत हे अजून पहिल्या नंबरवर आहे.

आणि मग हेमाच्या पप्पांची बडोद्याला बदली झाली. जूनमध्ये जाणार, यंत्रासकट. म्हणजे माझे कावळे उडणार कुठे? ते दुसऱ्या जातीच्या मेंदूवर चालणार नव्हते. त्यांना तोच झेड-एटी नावाचा आठ-बिटवाला प्रोसेसर हवा होता.

आता सांगा, असं असताना आमच्या घरात नेमका त्याच महिन्यात कॉम्प्युटर घ्यायचं ठरावं, आणि माझा कावळा वाचावा, यात देवाचा हात नव्हता तर कोणाचा होता? देवाचा असेलही. पण निर्णय भाऊकाकांच्या हातात होता.

भाऊकाका बाबांचे थोरले भाऊ. स्टेशनजवळ दोन खोल्यांत त्यांचा शिकवणीचा क्लास होता. समोरच्या क्लासने कॉम्प्युटर आणला म्हणून ह्यांनी एप्रिलमध्येच पाटी रंगवून घेतली होती, 'येथे कॉम्प्युटर आहे.' पाटी आली, कॉम्प्युटर यायचा होता. दिवसभर क्लासची मुलं, संध्याकाळी घरची मुलं, असं ठरलं. म्हणजे संध्याकाळी मी! कुटुंबात कुठलीही वस्तू घ्यायची तर भाऊकाकाच घेत, आणि त्यांची पद्धत एकच, उचलून बघायची. आमचा मिक्सर त्यांनी उचलून बघितला, टीव्ही उचलून बघितला. आत्याचं स्थळ उचलून बघितलं नसावं, पण पसंती देताना म्हणाले तेच, "वजन आहे."

एका रविवारी सकाळी बैठक बसली. कलिंगडाची ताटली मध्ये आणि कॉम्प्युटरची पत्रकं चारी बाजूंना. बाबा बँकेत नोकरीला होते. बँकेत तेव्हा युनियन कॉम्प्युटरच्या विरोधात होती आणि बाबा काळी फीत लावून घोषणा देऊन आले होते. त्यामुळे ते पेपर उघडा धरून त्यामागे बसले. मधूनमधून एक हात बाहेर यायचा आणि कलिंगडाची फोड घेऊन आत जायचा.

काकांनी दादाला विचारलं, "हा आठ बिट, हा सोळा बिट. बिट म्हणजे काय रे?"

दादाला माहीत होतं. मीच त्याला चार वेळा सांगितलं होतं. तो म्हणाला, "म्हणजे काका... ताकद."

"ताकद नव्हे!" काकांचा चेहरा उजळला. वर्गात एखादा मुलगा चुकला की उजळायचा तसा. "अरे, हे आण्यांसारखं आहे. सोळा आणे म्हणजे पूर्ण रुपया. सोळा आणे काम म्हणतो ना आपण? आणि आठ म्हणजे काय? अधेली! माझ्या क्लासात अधेली यायची नाही."

पेपरामागून बाबा हसले. दादा मान हलवत म्हणाला, "बरोबर आहे काका. सोळाच बरा."

मी दारात उभी होते. मला राहवलं नाही. "काका, बिट म्हणजे आणा नाही. बिट म्हणजे चौकोन. एका ओळीत आठ चौकोन असतात आणि त्या आठांत—"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. रागाने नाही. घरातली मांजर अचानक बोलायला लागली तर बघतील तसे, कौतुकाने.

"—त्या आठांत कावळा मावतो," मी वाक्य पुरं केलं.

काका असे हसले की कलिंगडाच्या बिया ताटलीबाहेर उडाल्या. "कावळा मावतो! वा! मग सोळांत काय, शहामृग?" आणि स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, "सुमे, वर पापड उघडे पडलेत गं. कावळे येतील."

गेले मी वर. काठी घेऊन.

खाली माझ्या कावळ्याचा निकाल लागत होता आणि मी वर कावळे हाकत होते. आज पंचवीस वर्षं मी मुलांना गणित शिकवते. मुलगा चुकला तर चूक दाखवते, ओरडते, कधी डोक्यात हातही मारून घेते, स्वतःच्या. पण कुणी हात वर करून बरोबर बोलत असताना त्याला पापड राखायला पाठवलेलं नाही. मला त्या दिवशी कुणी रागावलं असतं तर चाललं असतं. रागावणं म्हणजे निदान ऐकलं तरी. ते हसले, आणि पुढच्या विषयाकडे गेले. ते अजून मला सहन होत नाही. माझ्या रक्तदाबाचं डॉक्टरांनी 'आनुवंशिक' असं निदान केलंय. आनुवंशिक कसलं! भाऊकाका!

जिन्यात दादाला गाठलं. "खोटं का बोललास? तुला माहितीये आपले सगळे गेम आठवर चालतात."

"अगं ए, गेम म्हटलं असतं तर काहीच आलं नसतं घरात. अभ्यास म्हण. आधी येऊ दे तर."

"आणि माझा कावळा?"

"कावळ्याचं काय घेऊन बसलीस यार!"

दादाचा तरी काय दोष म्हणा, असं लिहायचं माझ्या मनात आलं होतं. खोडलं. दोष होताच.

खरं तर गेम हा शब्दच तेव्हा घरात उच्चारायची सोय नव्हती. कॉम्प्युटर अभ्यासासाठी. रंग दिसला की गेम, आणि हिरवी अक्षरं दिसली की अभ्यास, असा साधा नियम. आता मुक्ता तोंडावर म्हणते, गेमिंगसाठी हवाय, आणि कुणाच्या कपाळावर आठी नाही. मला हेवा वाटतो तिचा. परवा ती मला समजावत होती, "आई, माझ्या गेमला आठ कोअर खूप झाले. वरचे पैसे चित्रं दाखवणाऱ्या कार्डात घालायला हवेत. पण ग्रुपवर कुणी ऐकतच नाही." मी कडाडले, "ऐकत नाहीत म्हणजे काय! मी बघते एकेकाला!" तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "तू पण म्हणालीस, त्यापेक्षा लॅपटॉप घे, पुसायला सोपा." म्हटलं होतं मी तसं. त्याची इथे नोंद करून ठेवते आणि पुढे जाते, कारण हा लेख माझ्या रागाबद्दल आहे, मुक्ताच्या नाही.

अंधेरीला खरेदीला निघालो ते काका, दादा आणि मी. माझं नाव यादीत नव्हतं. आत्या अंधेरीला राहायची, तिला पापडांचा डबा पोचवायचा होता. डब्याला कुणीतरी धरायला हवं, म्हणून मी. पवईमार्गे बसने गेलो. डब्याच्या झाकणाखाली मी घडी करून आलेख कागद ठेवला होता.

एका औद्योगिक वसाहतीतल्या गाळ्यात पेडणेकर नावाचे गृहस्थ कॉम्प्युटर जोडून द्यायचे. वडील गिरणीत होते, हा मुलगा इलेक्ट्रॉनिक्स शिकला, एवढं काकांनी बसमध्ये सांगितलं होतं. गाळ्यात तारांना कथलाचा डाक लावल्याचा वास, टेबलावर उघडे पडलेले डबे आणि पेडणेकरांच्या शर्टाच्या खिशात चार स्क्रू-ड्रायव्हर. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "वापरणार कोण?"

काकांनी दादाच्या पाठीवर थाप मारली. मी म्हटलं, "मी." काका म्हणाले, "हो, ती पण बघेल."

मग त्यांनी टेबलावर तीन चिप ठेवल्या, झुरळासारख्या काळ्या, पायवाल्या. "हा झेड-एटी, आठवाला. गेम, रंग, आवाज, मुलांना मजा. हे दोन सोळावाले. हा एटी-एटी-एट, हा एटी-एटी-सिक्स. ह्यांच्याबरोबर हिरवा पडदा, त्यावर नुसती अक्षरं."

"दोन्ही पुरे सोळा ना?" काकांनी विचारलं.

पेडणेकर प्रामाणिक माणूस. "सिक्स पुरा सोळा. हा एट मात्र आतून सोळा, बाहेरून आठ. हिशोब सोळाने करतो, पण बाहेर बोलायचं तर आठ-आठ करून बोलतो."

काकांचा चेहरा पडला. "म्हणजे आत एक आणि बाहेर एक?"

"तसं म्हणा."

"असली माणसं मी क्लासात ठेवत नाही, यंत्र कसं ठेवू?" पण लगेच दुसरी अडचण उभी राहिली. आयुष्यभर मार्क मोजलेला माणूस तो. "पण अठ्ठ्याऐंशीवाला सोडून शहाऐंशीवाला घ्यायचा? पालक काय म्हणतील?" ते खरोखर घामाघूम झाले. एका हाताला दोन मार्क जास्त, दुसऱ्या हाताला चारित्र्य. दादा म्हणाला, "काका, ते मार्क नाहीत." "तुला काय कळतंय," काका म्हणाले. मला बरं वाटलं. क्षणभरच.

त्या घोळात मी कागद काढून पेडणेकरांपुढे ठेवला. त्यांनी चष्मा वर केला. "ह्यो कोणी काढल्यान?"

"मी."

त्यांनी पेन्सिल घेतली आणि ओळीओळीने बेरीज तपासायला लागले. ओठ हलत होते. तिसऱ्या ओळीवर थांबले. "हय चुकलंस गो. दोनशे चोवीस नाय, दोनशे चाळीस. चौथो चौकोन भरलंस, पण मोजूक इसारलंस. म्हणून चोच तुटकी दिसत असतली."

दिसत होती! महिनाभर चोच तुटकी दिसत होती आणि मला आणि हेमाला कळत नव्हतं का ते. कुणीतरी माझी चूक काढली होती! खरी, मोजून काढलेली चूक!

"चौथ्या चौकोनाची किंमत किती?" काकांनी मान वळवून विचारलं.

"सोळा," पेडणेकर म्हणाले.

"बघ!" काका गरजले. "सोळाच कमी पडले पोरीला! सांगत होतो की नाही?"

संपलं. पेडणेकर बिचारे म्हणत होते की मुलांना गेम खेळायचे असतील तर आठवालाच बरा. पण गेम हा शब्द ऐकून काकांनी दादाकडे पाहिलं, दादाने पंख्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "नाही नाही, अभ्यासच." काकांनी टेबलावरचा एक जोडलेला डबा दोन्ही हातांनी उचलला, गुडघ्यापर्यंत आणला आणि परत ठेवला. "वजन आहे," ते म्हणाले. "ह्यात शहाऐंशीवाला घाला." परतताना पवईचा तलाव आला तेव्हा मी मुद्दाम दुसऱ्या बाजूला बघत बसले. त्याचा काय दोष होता? काही नाही. पण कुणावर तरी बहिष्कार टाकणं भाग होतं.

हेमाकडच्या शेवटच्या दुपारी आम्ही दोनशे चाळीस घातलं. चोच आली. सरळ, टोकदार, काळी कुळकुळीत. कावळा टाकीवरून उठला, दुसरा मागून आला, काठीवाली मुलगी धावली आणि हरली. आम्ही तीन वेळा खेळलो, तिन्ही वेळा हरलो. मग हेमाने वायर काढली. टीव्हीवर एक पांढरा ठिपका राहिला आणि गेला. तिने कॉम्प्युटर आपल्या फ्रॉकमध्ये गुंडाळून ट्रंकेत ठेवला आणि कॅसेट मला दिली. ती आमच्या टेपरेकॉर्डरवर लावली तर नुसती किंचाळायची. बाबा म्हणाले, "बंद कर ती." केली.

काकांचा कॉम्प्युटर जूनच्या सुरुवातीला आला, आणि घरातल्या बाईमाणसाच्या वाट्याला त्यातलं जे काम येणार होतं ते माझ्या वाट्याला आलं. पुसणं. शाळा सुरू व्हायला अवकाश होता, म्हणून रोज सकाळी क्लास भरायच्या आधी जाऊन पडदा आणि कीबोर्ड कोरड्या फडक्याने पुसायचा. दादा उद्‌घाटनाच्या दिवशी चालवणार होता, म्हणून तो घरी विश्रांती घेत होता. मी पुसायचे. एकेक कळ पुसायची तर ती दाबली जाणारच, आणि दाबायचीच तर कशाला दाबायची हे कळलेलं बरं. डब्यासोबत पेडणेकरांनी झेरॉक्सच्या पंचवीसेक पानांची चळत दिली होती. ती कुणी उघडली नव्हती. बेसिक तिथेही होतं, थोडं वेगळं, पण बहीणच. दहा दिवसांत माझ्याइतका स्वच्छ कीबोर्ड अख्ख्या मुलुंडमध्ये कुणाकडे नव्हता.

उद्‌घाटनाला तीसेक पालक आले. चपला बाहेर. पडद्यावर कुंकवाचं स्वस्तिक, डब्यापुढे नारळ, उदबत्ती. काकांचं भाषण झालं, त्यात सोळा हा शब्द अकरा वेळा आला. मग दादा खुर्चीत बसला, इस्त्रीच्या शर्टात. त्याने काहीतरी टाइप केलं. यंत्राने चूक दाखवली. परत केलं. परत चूक. मागून एक गृहस्थ म्हणाले, "समोरच्या क्लासात चित्रं पण येतात म्हणे." काका हसत हसत, दात न उघडता म्हणाले, "दाखव काहीतरी." दादाचे कान लाल झाले. त्याने मान तिरकी केली आणि ओठ न हलवता म्हणाला, "सुमे. काहीतरी कर ना. प्लीज."

मी बसले. कागदाची गरजच नव्हती, दोन्ही कावळ्यांचे आठ-आठ आकडे मला पाठ होते. रंग नव्हता, चौकोन नव्हते, पण ताऱ्याचं चिन्ह होतं. प्रत्येक भरलेल्या चौकोनासाठी दोन तारे, रिकाम्यासाठी दोन जागा मोकळ्या. आणि शेवटी हुकूम, पुन्हा पहिल्यापासून.

पडद्यावर हिरव्या ताऱ्यांचा कावळा आला. पंख वर. त्याच्याखाली दुसरा, पंख खाली. मग तिसरा. पडदा वर सरकायला लागला आणि एकामागून एक कावळे कुंकवाच्या स्वस्तिकाआडून वर जायला लागले.

"अरे वा वा!" पालक पुढे झुकले. "काय आहे हो हे?"

"गरुड!" काका म्हणाले. त्यांचा आवाज भरून आला होता. "ज्ञानाचा गरुड! आमच्या पुतण्याने आज तुमच्यासाठी—"

टाळ्या वाजल्या. दादाने मान खाली घातली, नमस्कार केल्यासारखी.

माझ्या तळपायापासून काहीतरी वर चढलं, मे महिनाभर गच्चीवर साठलेलं. "कावळा आहे तो," मी म्हटलं.

टाळ्या थांबल्या. पुढच्या रांगेतल्या एका आजींनी पदर तोंडाला लावला. "अगं बाई. मुहूर्ताला कावळा?"

काका माझ्या खुर्चीशी आले आणि हळूच म्हणाले, "सुमे, शुभ दिवस आहे. थांबव ते."

मी हात मांडीवर ठेवले. दादाने हात लांब करून दोनचार कळा दाबल्या. कावळे चालूच. कसे थांबवायचे ते तेविसाव्या पानावर होतं, आणि ते पान मी एकटीने वाचलं होतं.

"थांबव म्हटलं ना."

"आधी काय आहे ते सांगा."

भाऊकाकांना आमच्या घरात अशी अट कुणी घातली नव्हती. बाबांनी नाही, आत्याने नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पालकांकडे, मग पडद्याकडे. तिथे एकाच वेळी तीन कावळे होते आणि चौथ्याची चोच खालून निघत होती.

"कावळा," ते पुटपुटले.

"मोठ्याने. आणि कुणी काढलाय?"

"कावळा आहे!" ते पालकांकडे वळून ओरडले, वर्गात ओरडायचे तसे. "कावळाच आहे! आणि हा आमच्या सुमीने काढलाय!"

कुठल्या दोन कळा दाबायच्या ते मला माहीत होतं. तरी मी आणखी थोडे कावळे जाऊ दिले.